नोकरीचा फोटो

पुण्यात वॉचमनच्या कामावर लागलो तेव्हा ओळखपत्रासाठी फोटो काढायला ऑफिसात उभं केलं. कॅमेऱ्यामागचा पोरगा म्हणाला, "काका, सीधा देखो." मी सीधाच पाहत होतो. तो म्हणाला, "अरे इधर, मेरे को देखो." मी त्यालाच पाहत होतो. मागे रांग होती, रांगेत कोणीतरी हसलं. माझ्या कानशिलांना घाम आला, आणि मग माझ्या मानेने आपसूक जुनं काम केलं. ती जराशी डावीकडे वळली, हनुवटी खाली गेली आणि डोळे भिंतीवर खिळा शोधायला लागले. "बस, बस! एकदम बढिया," पोरगा म्हणाला.

मी जन्माचा चकणा आहे. एक डोळा समोरच्याला पाहतो आणि दुसरा त्याच्या शेजाऱ्याला. मला दिसतं सगळं नीट, पण मी कोणाला पाहतो आहे ते लोकांना समजत नाही, आणि न समजलेल्या गोष्टीचा लोक चांगला अर्थ लावत नाहीत. गावातला दुकानदार म्हणायचा, "बरणीकडे काय पाहतं बे?" मी त्याच्या तोंडाकडे पाहत असायचो. शाळेत मास्तरांची खात्री होती की मी शेजारच्याच्या पाटीवरून उतरवतो. शेजारचा दिसायला गोमटा होता, भांग पाडून यायचा. त्याचं उत्तर आणि माझं उत्तर एकच आलं की छडी मला बसायची. मास्तर वाईट नव्हते. ते जे दिसायचं त्यावर चालायचे, आणि माझ्या तोंडावर दिसायचं ते असं. सातवीत वडलांचे गुडघे गेले, वखर धरायला माणूस लागला, मी शाळा सोडली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. बैलांना मी कोणाकडे पाहतो याचं काही नव्हतं.

आता गेटवर माझं कामच माणसं पाहायचं आहे. सुपरवायझर शिकवतो, "गाडी पाहायची, बूट पाहायचे, एका नजरेत कळलं पाहिजे." मला एका नजरेत कळत नाही. प्रत्येकाला थांबवताना भीती वाटते की चुकीच्या माणसाला थांबवलं, आणि सोडताना भीती वाटते की चुकीच्या माणसाला सोडलं. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं की ती म्हणते, "तुमी कायले दुसऱ्यायचं पाहता? तुमचा त स्वतःचाच फोटो खोटा होता."

त्या फोटोची गोष्ट मला लिहून ठेवायची आहे. माझं लिहिणं सातवीपर्यंतचं, ते सांभाळून घ्यावं.

आमचं गाव ढाणकीजवळ. लग्न जुळवताना दाखवायचा फोटो काढायला सगळे उमरखेडला जायचे. स्टँडच्या रस्त्यावर एका जिन्याखाली स्टुडिओ होता. आत शिरलं की फोटोवाला काका पहिला प्रश्न विचारायचा, "साधा का नोकरीचा?"

साधा म्हणजे आपण जसे आलो तसे. नोकरीचा म्हणजे कोट घालून. दोन्हीला पैसे सारखेच पडायचे, म्हणून साधा कोणीच काढत नसे. भिंतीवर एका मोठ्या खिळ्याला तो कोट टांगलेला असायचा. गडद निळा, फोटोवाल्याच्या स्वतःच्या लग्नातला. लग्नानंतर काका अंगाने सुटला आणि कोट स्टुडिओला मिळाला. पुढे पितळी रंगाची बटनं होती, त्यातलं मधलं कधीतरी तुटलं म्हणून तिथे पांढऱ्या दोऱ्याने एक काळं बटन लावलेलं. बारीक पोरगा आला की काका पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचा. जाड आला की पाठीची शिवण उसवलेलीच होती. "फोटोत पाठ कोण पाहते?" तो म्हणायचा. खिशाला पेन लावायचा, त्यात कांडी नसायची. आणि टेबलावर एक काळा फोन ठेवायचा, ज्याची वायर टेबलाच्या पायाजवळ संपायची.

"हात फोनवर ठेव. उचलू नोको! उचलला की लोक पुसतात, कोणाशी बोलून राह्यला."

मी हात ठेवला. कोट खांद्यात बसला, बाह्या मात्र मनगटाच्या अलीकडेच थांबल्या. काकाने माझ्या तोंडावर पावडरचा हलका हात फिरवला, कॅमेऱ्यातून पाहिलं, परत वर पाहिलं. मला वाटलं आता बोलणार. तो माझ्याजवळ आला, दोन बोटांनी माझी हनुवटी धरली आणि हळूच वळवली, लेकराची वळवतात तशी.

"त्या खिळ्याकडे पाय," तो म्हणाला. "कोटाच्या."

कोट माझ्या अंगात होता, खिळा रिकामा होता. मी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "अस्सा! आता दोन्ही डोळे एका घरचे झाले." हे त्याने मागे बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही असं, माझ्या कानाजवळ म्हटलं. त्या माणसाचे माझ्यावर हे उपकार आहेत आणि ते मी विसरलेलो नाही.

फोटो आला तेव्हा मी ओळखूच आलो नाही. कोणीतरी बँकेतला साहेब फोनवर हात ठेवून दूरचा विचार करत होता. मायने फोटो पदराने पुसला आणि म्हणाली, "माहा लेक असाच आहे. लोकायलेच दिसत नाई."

त्या वर्षांत आमच्याकडे कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. पराटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, लाल्या यायचा आणि पाहता पाहता हिरवं वावर तांबडं पडायचं. वेचायला गेलं तर ओटीत चांगल्या कापसापेक्षा किडकी कवडीच जास्त यायची. आजूबाजूच्या गावांतून ज्या बातम्या यायच्या त्या मी इथे लिहीत नाही, त्या घरांतली माणसं अजून आहेत. पोरींचे बाप स्वतः कापूसवाले, पण सोयरीक काढली की म्हणायचे, "वावर पाहिजे. पण पोरगा वावरात जाणारा नोको." जमीन असावी, ती कसणारा मात्र जावई नसावा. त्यांना तरी नावं कशी ठेवायची? आपण जे भोगलं ते पोरीला नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून सगळी मदार त्या फोटोवर होती. तो घेऊन माझे मामा फिरायचे. मामा म्हणजे मायचे थोरले भाऊ, खांद्याला पिशवी, हातात छत्री, आणि एसटीच्या सगळ्या कंडक्टरांशी ओळख. सोयरिकी जुळवायचं त्यांना वेडच होतं. ते खोटं बोलत नसत. पोरगा काय करतो असं कोणी विचारलं की ते फोटो पुढे करत आणि गप्प बसत.

"मी काई बोलत नाई," ते मायला सांगायचे. "कोट बोलते."

बोरी अरबजवळच्या एका घरी कोट बोलला. म्हणजे तसं आम्हाला वाटलं. मामा तिकडून मुलीचा फोटो घेऊन आले. मुलगी इतकी गोरी होती की नाकाची कड दिसत नव्हती, दोन डोळे आणि एक टिकली तेवढी उमटली होती. हातात प्लास्टिकचं गुलाबाचं फूल. मी फोटो घेऊन गोठ्यात गेलो आणि बैलांच्या साक्षीने पुष्कळ वेळ पाहिला. मनात आनंद कमी आणि धाक जास्त. एवढी देखणी पोरगी त्या कोटवाल्याला हो म्हणते आहे. मी तिथे गेल्यावर काय होईल?

पण मामा दुसऱ्यांदा गेले ते तोंड पाडून परत आले. ओट्यावर बसले, चपला सोडल्या, पाणी घटाघटा प्यायले.

"नाई म्हणतात."

"काहून?" माय म्हणाली. "परवा त हो म्हणत होते!"

"त्यायची बुढी गावाले गेलती तेव्हा. आता आली. तिनं फोटो हातात घेतला न् म्हणते, ह्या पोट्ट्याले त आपण मांगेच नाई म्हटलं, हा परत कसा आला?"

"अगं माय! आपला पोरगा कधी गेला तिकडे?"

"तेच म्हटलं मी! म्हटलं, आजी, आमचा भाचा दारव्ह्याच्या इकडे आलाच नाई कधी. त मले म्हणते, मले येडी समजता का? हाच कोट. हेच काळं बटन. हाच फोन. मीच नाई म्हटलं याले."

मग उलगडा झाला. आमच्याच बाजूचा कोणी पोरगा दिवाळीनंतर त्यांच्याकडे जाऊन आला होता. त्याचा फोटोही उमरखेडचा, नोकरीचाच. तो प्रत्यक्षात सरळ नाकाचा, देखणा होता म्हणे. पण त्याने पोह्यांतले शेंगदाणे एकेक वेचून ताटलीच्या काठाला लावून ठेवले. ते शेंगदाणे आजीने स्वतः भाजले होते. जाताना त्याने हुंड्यात गाडी देणार का तेही विचारलं, पण आजीच्या मनात राहिले ते शेंगदाणे.

"चेहरा नाई पाहिला का तिनं?" मायने विचारलं.

"बटन पाहिलं नं तिनं!" मामा कपाळाला हात लावून म्हणाले.

मला हसूही आलं आणि रडूही. जन्मभर लोकांनी माझं तोंड पाहून मला नको ते ठरवलं. आता तोंड लपवलं, तर कोट पाहून ठरवलं. आणि कोट तर तालुक्यातल्या अर्ध्या पोरांच्या अंगातून जाऊन आलेला.

मामा हार मानणारे नव्हते. पुढल्या बाजाराच्या दिवशी मला घेऊन ते उमरखेडला स्टुडिओत गेले आणि फोटोवाल्यावर तणतणले. त्याने शांतपणे एक पत्र्याचा डबा उघडला. त्यात न नेलेल्या, जास्तीच्या छापलेल्या फोटोंचा ढीग होता. निळा कोट, काळं बटन, फोनवर हात. निळा कोट, काळं बटन, फोनवर हात. कोणाचे कान मोठे, कोणाला मिसरूड फुटलेलं, कोणी घाबरलेला. आम्ही सगळे एकाच बापाची लेकरं असल्यासारखे दिसत होतो.

"लोकायनं तोंड पाहावं नं," फोटोवाला म्हणाला. "कोट कायले पाहतात?"

"तूच त दाखवतं!" मामा म्हणाले.

"मंग काय करू? दुसरा कोट शिवू? दुसरा शिवला त पोरं भांडतीन, मले नवाच पाहिजे म्हून."

मामांनी छत्री उचलली आणि मला घेऊन ते बाहेर पडले. ते मुलीच्या वडलांना परत भेटले, गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की हा तो नव्हे. ते सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, "फोटोचं राहू द्या आता. पोरगाच घेऊन या. बुढीच्या डोळ्यासमोर बसवा."

पोरगाच घेऊन या. कोट खोटा होता, पण त्याच्या आड लपता येत होतं. आता आजीच्या डोळ्यासमोर माझे डोळे जाणार होते.

संक्रांत होऊन गेली होती. मी, माय आणि मामा निघालो. उमरखेड, पुसद, दिग्रस, दारव्हा, एका एसटीतून दुसऱ्या एसटीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पराट्या उभ्या होत्या, टोकाला कुठे कुठे कापसाचा झुपका राहिलेला. मी माझा पांढरा सदरा घातला होता, धुवून गादीखाली ठेवून घडी पाडलेला. मामा वाटभर शिकवत होते.

"बसाचं कसं? फोटोतल्यासारखं. मान डावीकडे. भिंतीवर खिळा पाहून ठेवाचा गेल्या गेल्या. तिथून नजर हलवाची नाई."

"हो मामा."

"पोहे आले की शेंगदाणे पयले खाय. एक बी ताटलीत राह्यला नाई पाहिजे."

"हो."

"न् बोलू नोको. मी आहो बोलाले."

माय खिडकीतून बाहेर पाहत होती. ती एवढंच म्हणाली, "पोराले खिळ्यावर टांगून ठेवता का मंग?"

घर साधंच, आमच्यासारखंच. पुढच्या खोलीत खाट, तिच्यावर धुतलेली चादर. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या वर खिळा. मी तो पकडला. मान वळवली, हनुवटी खाली, आणि बसलो. त्यानंतरचं सगळं मी कानांनी पाहिलं. वडील आले, बसले, पाऊसपाण्याचं बोलले. आजी आली, ते काठीवरून कळलं. ती माझ्या बरोबर समोर बसली. तिचा श्वास ऐकू येत होता. पोहे आले. मी खिळ्यावर नजर ठेवून बोटांनी चाचपडत शेंगदाणे शोधले आणि खाल्ले. एक खाली पडला तो उचलून खाल्ला. मामा खाकरले, बहुतेक शाबासकी होती.

मग बांगड्या वाजल्या. मुलगी आली. तिची पावलं तेवढी मला नजरेच्या कडेला खाली दिसली, पाणी मारलेल्या जमिनीवर ओली. मायने विचारलं काय येतं, किती शिकली, मुलीने उत्तरं दिली. आवाज जरा जाडसर, न लाजणारा. तेवढाच. जिला पाहायला एवढ्या एसट्या बदलून आलो, ती हाताच्या अंतरावर उभी होती आणि मी खिळा पाहत होतो.

"पोट्टा भिंतीत काय पाहून राह्यला?" आजी एकदम म्हणाली. "पाल आहे का?"

"नाई, नाई आजी," मामा घाईने म्हणाले. "लाजते तो."

"लाजते? मंग कॅलेंडर वाचून राह्यला का? आजची तारीख मी सांगते तुले. इकडे पाय बावा."

मी हललो नाही.

"अरे, इकडे पाय म्हणते नं मी! तोंड दाखव. तोच आहेस तू, म्हून लपवतं."

मला कळलं की आता दोनच गोष्टी होऊ शकतात. नाही पाहिलं तर मी तो शेंगदाणेवाला ठरणार. पाहिलं तर मी हा ठरणार. मामांनी मानेनेच नको म्हटलं असावं, ते मला दिसलं नाही. माझी मान दुखत होती. मला वाटलं, जाऊ दे, आयुष्यभर कोण खिळ्याकडे पाहत बसणार. मी वळलो आणि आजीकडे सरळ पाहिलं.

आजी पुढे वाकली. तिने माझा एक डोळा पाहिला, मग दुसरा पाहिला, मग मागे वळून पाहिलं की हा दुसरा डोळा कोणाला पाहतो आहे. आणि मग तिचं सगळं तोंड उजळलं.

"अगं माय! हा तो नव्हेच!" ती काठी आपटत म्हणाली. "त्या पोट्ट्याचे डोळे सरळ होते! हा त चकणा आहे! वेगळाच आहे हा!"

इतक्या आनंदाने मला चकणा कोणी म्हटलं नव्हतं. तो शब्द मी शाळेत ऐकला, बाजारात ऐकला, भांडणात ऐकला. पण कोणाला चांगली बातमी सांगताना तो वापरलेला कधी ऐकला नव्हता. मला हसू फुटलं. दाबायचा प्रयत्न केला तर ते नाकातून आलं, तोंडात शेंगदाणा होता, ठसका लागला. माय माझ्या पाठीवर थापट्या मारत स्वतः हसत होती. मामा तेवढे सुतक असल्यासारखे बसले होते.

त्याच वेळी मला मुलगी दिसली. आजीच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, पदर तोंडात धरून. मी आधी तिच्या मागे पाहिलं, फोटोतली गोरी मुलगी कुठे आहे म्हणून. तिथे स्वयंपाकघर होतं, दुसरं कोणी नव्हतं. ही सावळी होती, वेचणीच्या उन्हाने नाकावर आणखी काळवंडलेली, आणि हसताना तिचे खांदे हलत होते.

वडील मात्र हसले नव्हते. ते बाप होते. त्यांनी हळूच विचारलं, "दिसते ना पण बरोबर?"

मामा तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोललो. "दिसते. दोन्ही डोळ्यानं दिसते. फक्त मी कोणाले पाहून राह्यलो ते लोकायले समजत नाई." आणि एकदा सुरू झालो तर थांबवेना. "न् थो फोनही काई खरा नाई. त्याची वायर टेबलापाशीच सरते. मी वावरातच असतो. पराटीच आहे आमच्याकडे, तुमच्यासारखी."

मामांनी डोळे मिटले.

वडलांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लाल्या आलता का यंदा तुमच्याकडे?"

"आलता."

"आमच्याकडेही आलता," ते म्हणाले. आणि म्हणाले, "कळवतो."

"कळवतो" म्हणजे नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. परत येताना एसटीत मामा माझ्याशी बोलले नाहीत. दिग्रसच्या स्टँडवर त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "फोनचं कोणी पुसलंतं तुले?" माय म्हणाली, "राहू द्या दादा. पोरगा आज समोर पाहून बोलला." मला ती गोरी मुलगी न मिळाल्याचं दुःख होत नव्हतं. त्या सावळ्या मुलीचे हलणारे खांदे आठवून दुःख होत होतं. गोरीचा फोटो त्या कोटवाल्यासाठी आला होता, तो गेला तर कोटवाल्याचा गेला. ही मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

निरोप यायला पुष्कळ दिवस लागले. मी विहिरीवर जायचो, वावरात जायचो, आणि मामांची छत्री वाटेवर दिसते का ते पाहायचो. शेवटी दिसली. मामा लांबूनच छत्री वर करून येत होते, उन्हात, न उघडलेली.

लग्नानंतर एकदा मी तिला विचारलं की हो कोणी म्हटलं. ती म्हणाली, बाबांचं मन होत नव्हतं. पोरीला परत पराटीतच देतो की काय, म्हणून ते जेवायचेही नाहीत नीट. आजी म्हणत होती, शेंगदाणे खाणारा आहे, द्या. मग बाबांनी हिलाच विचारलं.

"न् तू काय म्हटलं?"

"म्हटलं, त्यायले आजीनं भर बैठकीत चकणा म्हटलं न् थे हसले. मले चालते."

हे ऐकून मला आधी आनंद झाला आणि मग, माझ्या स्वभावाप्रमाणे, काळजी लागली. म्हणजे हिनेही एका नजरेतच ठरवलं की! लोकांनी डोळा पाहून ठरवलं, आजीने बटन पाहून, आणि हिने एक हसणं पाहून. ते हसणं तरी माझं नेहमीचं कुठे होतं? मी तर घाबरट माणूस. त्या दिवशी शेंगदाणा अडकला म्हणून तसा हसलो असेन. हिला पुढे कळलं की मी तसा नाही, तर? हे मी तिला बोलून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग काय वर्षभर खाटेवर मांडून ठेवून पाहणार होतो का आमी तुमाले? कुठून तरी सुरू कराच लागते." आणि पिठाच्या हाताने मला बाजूला सारून म्हणाली, "न् तुमी तरी काय पाहून आले होते? तुमचा नोकरीचा फोटो, त माहा गोरीचा होता. दारव्ह्याच्या फोटोवाल्यानं पावडरचा अख्खा डबा ओतलता."

ती अजून एक प्रश्न विचारते. त्या दिवशी मी वळल्यावर कोणाला पाहत होतो, आजीला की तिला? मी कधी उत्तर देत नाही. कारण या डोळ्यांपायी माझं सगळीकडून जे नुकसान झालं, त्यातला एवढा एकच नफा आहे, तो मला राखून ठेवायचा आहे.

कापसाने पुढेही साथ दिली नाही, म्हणून आम्ही इकडे आलो. तिनेच म्हटलं, चला. इथे ती एका शाळेत डबे भरायच्या कामाला जाते आणि मी गेटवर असतो. मला दिलेल्या युनिफॉर्मच्या शर्टाला आधीच्या माणसाच्या घामाचा डाग आहे आणि बाह्या लांब आहेत. तो घालून उभा राहिलो की येणारे-जाणारे मला "वॉचमन" म्हणून हाक मारतात, त्यांना वरचं तोंड आठवत नसावं. मला त्याचा राग येत नाही. कोट घालून साहेब झालो होतो, आता हे घालून हे. कोणी जाता जाता थांबून "काका, गाव कोणतं?" असं विचारतं तेव्हा मात्र बरं वाटतं, आणि मी गरजेपेक्षा जास्त सांगत बसतो.

खोलीत आमचा एकच फोटो आहे, तोही उमरखेडचाच. लग्न आमच्या गावच्या बुद्धविहारात झालं, दोघांचेही कपडे पांढरे. दुसऱ्या दिवशी त्याच पांढऱ्या कपड्यांत आम्ही जोडीचा फोटो काढायला गेलो, सोबत तिची आजीही होती, पाठराखीण म्हणून आलेली. ती बाहेर बाकावर बसली. फोटोवाल्याने मला ओळखलं, सवयीने उठला आणि खिळ्यावरचा कोट काढला.

"कोट राहू द्या काका," बायको म्हणाली.

"बरं, राह्यला." त्याने कोट परत टांगला, आला, आणि माझी हनुवटी धरून हळूच वळवली. "खिळ्याकडे पाय."

तिने त्याचा हात बाजूला केला आणि माझं तोंड सरळ केलं. "समोर पाहा तुमी."

"अवं बाई," काका तिच्या कानाजवळ म्हणाला, मला ऐकू येऊ नये म्हणून, "डोळा दिसते ना मंग फोटोत."

"दिसू द्या," ती मोठ्याने म्हणाली. "नाई त माही आजी म्हणल, हे कोणाले घेऊन आली!"

बाहेरच्या बाकावरून काठी आपटल्याचा आवाज आला. आम्ही दोघं हसलो, आणि काकाने तेवढ्यात फोटो काढला.